हवेंतून आलेले खेळ आणि त्यांचा शोध

नभोवाणीवरून बोललेल्या शब्दाचें आयुष्य किती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. वक्ता बोलतो, शब्द हवेंत जातो, ऐकणाऱ्याच्या कानीं पडतो आणि तेथेंच संपतो. ज्यास तो जपून ठेवावासा वाटतो तो भाषण उतरवून घेतो किंवा छापतो; म्हणून तर भाषणें छापणारीं मासिकें निघालीं. परंतु एखादा खेळच जर असा हवेंतून आला, ठराविक वेळीं घरोघर खेळला गेला आणि वेळ संपतांच नाहींसा झाला, तर मागाहून तो शोधावा कसा? आज मी अशाच कांहीं खेळांची हकीकत सांगणार आहें. ती जपानांतील आहे, आणि तिची सुरुवात १९९५ सालीं झाली.

आरंभीं यंत्राविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. टीव्हीस जोडून ज्यावर व्हिडिओ गेम खेळावयाचे त्या यंत्रास कन्सोल म्हणतात. यंत्र एकच असे. खेळ मात्र निरनिराळ्या प्लास्टिकच्या डब्यांतून येत. आपल्या शहरांतील घरांत १९९० नंतरच्या काळांत अशीं यंत्रें आलीं, तेव्हां मुलें या डब्यांस ‘कॅसेट’ म्हणत. वस्तुतः आंत फीत नसे. एक चिप असे, आणि खेळाच्या साऱ्या सूचना त्या चिपवर कारखान्यांतच कायमच्या उमटविलेल्या असत. त्या पुसतां येत नसत आणि बदलतांही येत नसत. त्यामुळें तीस वर्षांनीं माळ्यावर सांपडलेली कॅसेट पट्ट्यांवरची धूळ पुसून लावली तर बहुधा चालते.

विस्मृत खेळ शोधून काढण्याचा छंद आज जगभर अनेकांस जडलेला आहे. कोणी जुन्या बाजारांत हिंडतात, कोणी लिलावांत बोली लावतात, कोणी एका देशापुरताच निघालेला खेळ आपल्या भाषेंत आणून इतरांपुढें ठेवतात. परंतु या सर्व शोधांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, कोठेंतरी वस्तु आहे. ती हातीं आली म्हणजे खेळ सांपडला. जेथें मुळांत वस्तूच निघाली नाहीं तेथें हा हिशेब चालत नाहीं. आपली हकीकत अशा ठिकाणची आहे.

१९९० सालच्या २१ नोव्हेंबरला निन्टेन्डो या जपानी कंपनीनें ‘सुपर फॅमिकॉम’ नांवाचा कन्सोल जपानांत विक्रीस आणला. त्याच सुमारास तेथें उपग्रहावरून ध्वनिक्षेपण करणारी ‘सेंट गीगा’ ही संस्था उभी राहिली. तिचे कार्यक्रम विलक्षण होते. समुद्राची गाज, पांखरांचे स्वर आणि संथ संगीत हीच तिची मुख्य सामग्री. आणि कार्यक्रमांचा क्रम घड्याळाऐवजीं भरती-ओहोटीच्या वेळांशीं जुळविलेला. कल्पना रम्य होती, परंतु तिच्यावर संस्था चालेना. १९९३ सालीं निन्टेन्डोनें या संस्थेंत भांडवल घातलें, आणि आकाशांतून स्वराबरोबर खेळही पाठवावे असें ठरलें.

ही कल्पना अगदींच नवी होती असें नव्हे. नेदरलंड्समध्यें १९८० च्या सुमारास ‘हॉबीस्कूप’ नांवाच्या रेडिओ-कार्यक्रमांतून संगणकास द्यावयाच्या सूचना कर्कश आवाजाच्या रूपानें क्षेपित होत. ऐकणारे तो आवाज टेपवर उतरवून घेत आणि मग ती टेप आपल्या संगणकास ऐकवीत. संगणकाच्या सूचना म्हणजे शेवटीं शून्य आणि एक यांच्या रांगा. त्या दोन निरनिराळ्या स्वरांत बसवितां येतात. जपानी योजनेंत हेंच काम फार मोठ्या प्रमाणावर आणि उपग्रहाच्या मार्गानें व्हावयाचें होतें.

२३ एप्रिल १९९५ रोजीं ‘सॅटेलाव्ह्यू’ या नांवानें ही सेवा सुरू झाली. सॅटेलाव्ह्यू म्हणजे सुपर फॅमिकॉमच्या खालीं बसणारें एक खोकें. घराबाहेर लावलेल्या डिशनें उपग्रहाकडून आलेले संदेश पकडावयाचे, ते ट्यूनरमधून या खोक्यांत आणावयाचे, आणि तेथून कन्सोलवर लावलेल्या एका खास कॅसेटकडे न्यावयाचे, अशी रचना होती. या कॅसेटच्या माथ्यावर एक खाच होती. तिच्यांत आगपेटीची आठवण व्हावी एवढा लहानसा मेमरी पॅक बसवीत, आणि आकाशांतून आलेला खेळ त्यांत साठे. या पॅकांत आठ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट एवढीच माहिती मावे. आजच्या मोबाइलवर काढलेलें एक चांगलें छायाचित्रही बहुधा त्यांत मावणार नाहीं. पॅक भरला कीं जुना खेळ पुसल्यावांचून नवा घेतां येत नसे. शिवाय कित्येक खेळ मोजक्या वेळांच सुरू होत. तो आंकडा संपला म्हणजे खेळ पॅकांत असूनही उघडत नसे. थोडक्यांत, जेथें पूर्वीं कायमची वस्तु होती तेथें आतां पाटी आली. लिहावयाचें, पुसावयाचें, पुन्हां लिहावयाचें.

त्या खास कॅसेटचें नांव मोठें मजेदार होतें. त्याचा अर्थ, ‘ज्याचें नांव चोरीस गेलें त्या गांवाची गोष्ट’. यंत्र चालू केलें कीं पडद्यावर एक लहानसें गांव दिसे. खेळणारा मुलगा किंवा मुलगी होऊन त्या गांवांत फिरे आणि घरांच्या दारांतून आंत जाई. एकेका घरांत एकेक कार्यक्रम: कोठें नवा खेळ, कोठें पडद्यावर वाचावयाचें मासिक, कोठें बातमी. जे कार्यक्रम त्या वेळीं क्षेपित होत असतील त्यांचींच दारें उघडीं असत. आज कोणीं हें यंत्र चालू केलें तर गांव अजून दिसतें, परंतु बहुतेक दारांमागें कांहीं उरलेलें नाहीं.

या सर्वांत अपूर्व प्रकार होता तो ‘साउंडलिंक’ खेळांचा. त्यांत खेळाची आकृति आणि नियम यंत्रांत येत. पात्रांचे संवाद, निवेदन आणि वाद्यवृंदाचें संगीत हें मात्र त्याच क्षणीं नभोवाणीवरून ऐकूं येई. म्हणजे खेळणें आणि ऐकणें हीं दोन्ही एकदमच चालत. ६ ऑगस्ट १९९५ पासून ‘झेल्डा’ या प्रसिद्ध साहसकथेची एक आवृत्ति या रीतीनें चार साप्ताहिक भागांत सादर झाली. मूळ खेळ १९८६ सालचा. या आवृत्तींत चित्रें नवीं होतीं, आणि नायकाच्या जागीं सॅटेलाव्ह्यूच्या गांवांत फिरणारा तोच मुलगा किंवा मुलगी होती. निवेदकाचा आवाज मध्येंच सूचना देई, आणि त्याच मिनिटास पडद्यावर तसें घडे; एकदां सारे शत्रू जागच्या जागीं थिजावे, एकदां बाँबचा पुरवठा अखंड व्हावा. देशभरचे खेळणारे एकाच घड्याळाखालीं खेळत होते. ठरलेली वेळ संपली कीं खेळही संपे. ज्यास त्या तासाला घरीं पोहोंचणें जमलें नाहीं त्याचा भाग हुकला; आपल्याकडे आवडत्या श्रुतिकेच्या वेळेस घरीं न पोहोंचलेल्या श्रोत्याचें जें होई तेंच.

१९९७ सालीं ‘झेल्डा’ची आणखी एक मालिका आली. तिच्यांत नकाशाचा जो भाग त्या आठवड्याचा नसे तो ढगांनीं झांकलेला असे. त्याच वर्षीं ‘फायर एम्ब्लेम’ या युद्धकथेचे चार भाग झाले. शंभराच्या वर खेळ या मार्गानें घरोघर गेले, आणि ऐन भरांत ग्राहकांची संख्या एक लाखाच्या वर असल्याचें सेंट गीगानें सांगितलें होतें. परंतु सुपर फॅमिकॉमचा काळ तोंपर्यंत उलटत चालला होता. १९९४ च्या अखेरीस ‘प्लेस्टेशन’ आणि १९९६ सालीं खुद्द निन्टेन्डोचा पुढचा कन्सोल बाजारांत आला. १९९९ सालीं निन्टेन्डोनें या कामांतून अंग काढून घेतलें, आणि ३० जून २००० रोजीं सॅटेलाव्ह्यूचें क्षेपण कायमचें थांबलें.

आतां शोधाची गोष्ट. क्षेपण थांबलें तेव्हां या खेळांचें अस्तित्व दोन ठिकाणीं उरलें. एक, जेथून ते पाठविले गेले तेथें. परंतु तीं कपाटें बाहेरच्यांस उघडीं नव्हतीं. दुसरें, ज्यांच्या घरीं तो लहानसा मेमरी पॅक पडून होता तेथें. पॅकमध्यें शेवटीं जें उतरवून घेतलें तें राहिलेलें असे. कारण त्यानंतर पुसून नवें घेण्याचें कारणच उरलें नाहीं. म्हणजे कोणता खेळ वांचला हें त्याच्या गुणांवर ठरलें नाहीं. एखाद्या घरांतील मुलास शेवटल्या महिन्यांत काय आवडलें, किंवा कोणास कधीं कंटाळा येऊन त्यानें यंत्र गुंडाळून ठेवलें, यावर तें ठरलें.

पुढें जपानांतील जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि लिलावांत हे पॅक येऊं लागले. आंत काय आहे हें बाहेरून कळत नाहीं. कोणी हौशी मनुष्य पैसे मोजतो, पॅक मागवितो, तो वाचणाऱ्या उपकरणास जोडतो, आणि मग कळतें कीं हा खेळ आधीं दहा जणांस सांपडलेलाच आहे, किंवा आजवर कोणासच मिळालेला नव्हता. यांतही एक आशेची गोष्ट अशी कीं, पुसलेला खेळ प्रत्येक वेळीं पुरता पुसलेला नसतो. जुन्या वहींतील पानावर काट मारली तरी अक्षर खालून दिसावें, तसे कांहीं पॅकांत आधींच्या खेळांचे तुकडे शिल्लक राहिलेले आढळतात. असे निरनिराळ्या पॅकांतील तुकडे एकत्र जुळवून पाहणें हा या शोधाचा मोठा चिकाटीचा भाग आहे. घाईही आहे. या पॅकांतील माहिती सूक्ष्म विद्युत्भारांच्या रूपानें टिकून असते, आणि तो भार दशकांच्या ओघांत हळूहळू गळत जातो. कारखान्यांत उमटविलेल्या चिपेचें आयुष्य याहून फार दीर्घ असतें.

सांपडलेला खेळ चालविण्यासाठींही युक्ति लागते. कारण तो उपग्रहाच्या हांकेची वाट पाहतो. हौशी मंडळींनीं संगणकावर सुपर फॅमिकॉमची नक्कल करणारा प्रोग्रॅम घेतला, आणि त्यास फाइलींतून असे संदेश दिले कीं, आकाशांतून क्षेपण चालू आहे असेंच त्यास वाटावें. वेळेचें बंधन आणि मोजक्या वेळांची अट काढून टाकणाऱ्या दुरुस्त्याही झाल्या. अशा रीतीनें तें नांव हरवलेलें गांव पुन्हां थोडेंबहुत वस्तीस आलें.

परंतु साउंडलिंक खेळांचा आवाज? तो पॅकमध्यें कधीं आलाच नव्हता. तो आला रेडिओच्या मार्गानें आणि गेला त्याच मार्गानें. तो जर कोठें असेल तर एखाद्या घरांतील व्हिडिओ टेपवर किंवा ध्वनिफितीवर. कोणीतरी भाऊ उशिरा घरीं येणार म्हणून, किंवा आपलाच खेळ पुन्हां पाहावा म्हणून, सहज मुद्रित करून ठेवला असेल तर. ‘झेल्डा’च्या मालिकांचा जो आवाज आज ऐकावयास मिळतो तो अशाच घरगुती मुद्रणांतून मिळाला आहे. पुढें १९९७ च्या मालिकेसाठीं इंग्रजी जाणणाऱ्या हौशी मंडळींनीं संवादांचें भाषांतर करून नव्या आवाजांत ते मुद्रित केले आणि खेळाबरोबर जोडले. तो मूळ आवाज नव्हे. परंतु आवाजावांचून हा खेळ म्हणजे नट गेल्यावरचें नुसतें रंगमंचावरील नेपथ्य आहे, हें ओळखून केलेलें तें काम आहे.

घरगुती टेपेचें मोल किती याचें सर्वांत ठळक उदाहरण ‘एफ-झीरो’ या शर्यतीच्या खेळाचें आहे. सॅटेलाव्ह्यूवर त्याच्या खास शर्यती झाल्या, आणि त्यांतील कित्येक धांवमार्ग कोणत्याही पॅकांत सांपडले नाहींत. मात्र कोणीतरी आपल्या टीव्हीवरील खेळ व्हिडिओ टेपवर उतरवून ठेवलेला होता. त्या चित्रांवरून, संगणकाच्या साहाय्यानें एकेक चौकट तपासून, रस्त्याचा तुकडा न् तुकडा कोठें वळतो हें मोजून, ते धांवमार्ग हौशी लोकांनीं पुन्हां उभे केले आणि २०२४ सालीं ते सर्वांपुढें ठेवले. भिंत पडली, पण तिची सावली कोणीं चितारून ठेवली होती. त्या सावलीवरून भिंत पुन्हां बांधावी, असा हा प्रकार आहे.

कधीं कधीं मूळ धन्यासही आपल्या वस्तूची आठवण होते. १९९६ सालीं स्क्वेअर कंपनीचा ‘रॅडिकल ड्रीमर्स’ नांवाचा खेळ सॅटेलाव्ह्यूवर आला होता. तो बहुतांशीं वाचावयाचा खेळ. ‘क्रोनो ट्रिगर’ या १९९५ च्या गाजलेल्या कथेचें एक आडवळण. तीन चोर रात्रीं एका वाड्यांत शिरतात, आणि वाचणारा त्यांचा पुढला मार्ग निवडतो. मासाटो काटो यांनीं लिहिलेल्या या कथेंतूनच पुढें १९९९ चा ‘क्रोनो क्रॉस’ हा मोठा खेळ उदयास आला. तो मोठा खेळ जगभर खेळला गेला. त्याचें बीज मात्र जपानांतील कांहीं पॅकांत पडून राहिलें. २००३ सालीं हौशी लोकांनीं त्याचें इंग्रजी रूपांतर केलें, आणि २०२२ सालीं कंपनीनें ‘क्रोनो क्रॉस’च्या नव्या आवृत्तीबरोबर तो स्वतः पुन्हां प्रसिद्ध केला. ‘फायर एम्ब्लेम’चे चार भागही २०१० सालच्या एका खेळांत नव्या रूपांत समाविष्ट झाले. हौशी लोकांनीं नांव जागें ठेवलें नसतें तर धन्यास ही आठवण झाली असती कीं नाहीं, याचा विचार श्रोत्यांनीं करावा.

येथें एक आक्षेप स्वाभाविकच निघेल. हे सारे मुलांचे खेळ. गेले तर काय बिघडलें? याचें उत्तर आपल्याच मुंबईच्या इतिहासांत आहे. १९३१ सालीं ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानांतील पहिला पूर्ण बोलपट मुंबईंत तयार झाला. त्या वेळीं लोकांनीं तो करमणूक म्हणून पाहिला आणि सोडून दिला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. करमणुकीची किंमत तिच्या काळांतील लोकांस सहसा कळत नाहीं. ज्यांस कळते त्यांच्या हातीं तोंपर्यंत ती उरत नाहीं. आणि या खेळांत कथा आहे, चित्र आहे, संगीत आहे, नाट्यवाचन आहे. एका पिढीच्या मुलांनीं कशाची वाट पाहिली आणि कशांत आनंद मानला, याचा तो पुरावा आहे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. खेळाचा स्वामित्वहक्क कंपनीचा असतो, आणि जुन्या खेळांच्या नकला करून वांटणें बहुतेक देशांत कायद्यास मान्य नाहीं. कंपन्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. ‘रॅडिकल ड्रीमर्स’सारखी जुनी वस्तु पुन्हां विकतां येते हें आपण पाहिलेंच. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२३ सालीं अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें केलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या जुन्या खेळांपैकीं सुमारें ८७ टक्के खेळ आज विकत मिळत नाहींत. ग्रंथालयांनीं जपलेले असे खेळ अभ्यासकांस दुरून पाहतां यावेत अशी मागणी तेथें झाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्यें ती नामंजूर झाली. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे २००० सालच्या ऑक्टोबरपासून डब्यांतून विकले जाणारे खेळही पुस्तकांप्रमाणें जमा होतात. सॅटेलाव्ह्यू त्यापूर्वीं तीनच महिने बंद पडलें होतें, आणि त्याचे कित्येक खेळ डब्यांतून कधीं विकले गेले नव्हते.

आतां ही गोष्ट केवळ जपानची आणि केवळ जुन्या काळची राहिलेली नाहीं. १९९५ सालीं जो अपवाद होता तो आज नियम झाला आहे. खेळच नव्हेत, तर गाणीं, चित्रपट, पुस्तकें आणि कौटुंबिक छायाचित्रेंसुद्धां आतां आपल्याकडे वस्तुरूपानें येत नाहींत. दूरच्या यंत्रांवरून येतात, आणि तें यंत्र चालू असेपर्यंतच आपलीं असतात. २७ मार्च २०२३ रोजीं निन्टेन्डोनें आपल्या ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ या कन्सोलांवरील ऑनलाइन दुकानांत नवी खरेदी बंद केली. त्या दिवसापासून, जे खेळ केवळ तेथेंच मिळत ते नव्या ग्राहकास मिळेनासे झाले. दार बंद झालें म्हणजे आंतील वस्तु कोणाची, हा सॅटेलाव्ह्यूच्या गांवांतील प्रश्न आतां प्रत्येक घरासमोर आहे.

म्हणून या हकीकतीवरून ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट साधी आहे. सॅटेलाव्ह्यूचे जे खेळ परत मिळाले त्यांतील बहुतेक मोठ्या संस्थांनीं जपलेले नव्हते. कोणत्यातरी घरांतील खणांत, जुन्या टेपांच्या ढिगांत ते पडून राहिले होते. ठेवणाऱ्यास आपण कांहीं जपतों आहों हें ठाऊकही नव्हतें. आपल्याही घरांत जुन्या कॅसेटा असतील, लग्नसमारंभाच्या व्हिडिओ टेपा असतील, आजीच्या आवाजाची एखादी ध्वनिफीत असेल. कोरड्या जागीं ठेवावी, वर काय आहे तें लिहावें, आणि ती वाजविणारें यंत्र मिळतें आहे तोंच तिची नक्कल करून घ्यावी. टेपेवरचें चुंबकीय लेखन कायमचें नसतें, आणि दुरुस्त करणारे कारागीर दरवर्षीं कमी होत आहेत. माळा आवरतांना, कांहीं टाकून देण्यापूर्वीं, तें काय आहे एवढें एकदां पाहावें. त्यांत एखादें हरवलेलें गांव असूं शकेल.